न मागता उघडलेली दारे : आपोआप बनणाऱ्या एपीआय राउट्सचा आढावा

अमरावतीच्या राजापेठेत दोन-तीन जणांचा गट एखाद्या लहान संस्थेसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसतो, तेव्हा काम बहुधा ठरलेल्या साच्यातले असते. बाजार समितीचे भाव मोबाइलवर दाखवायचे, पतसंस्थेच्या ठेवीदारांच्या नोंदी ठेवायच्या किंवा महाविद्यालयाचे प्रवेश अर्ज स्वीकारायचे. माणसे मोजकी, पैसे बेताचे आणि मुदत तोंडावर आलेली असते. अशा गटाला आजची वेब फ्रेमवर्क्स मोठा आधार देतात. माहितीचा आराखडा, म्हणजे मॉडेल, एकदा लिहिले की नोंदींची यादी पाहणे, एक नोंद उघडणे, नवी नोंद घालणे, जुनी बदलणे आणि पुसणे या पाच कामांचे पत्ते फ्रेमवर्क स्वतःच तयार करते. या पत्त्यांना राउट म्हणतात, अशा राउट्सच्या संचाला एपीआय, आणि मोबाइल ॲप किंवा संकेतस्थळ या राउट्समधूनच माहितीशी बोलते. दोन दिवसांचे काम दोन मिनिटांत होते. पण या पाचांपैकी कोणते पत्ते जगाला उघडे असावेत हे कोणी ठरवले? या लेखात त्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे. माझे म्हणणे असे की राउट्सची सेटिंग हा केवळ तांत्रिक तपशील नसून कोणाला काय पाहता आणि बदलता यावे याचा निर्णय आहे. त्या निर्णयाचा सोपा अर्धा भाग फ्रेमवर्क आपल्यासाठी करून ठेवते आणि अवघड अर्धा भाग आपल्यावर सोडते.

ही पद्धत कशी रूढ झाली ते आधी पाहू. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन केंद्रात सादर केलेल्या प्रबंधात ‘रेस्ट’ या रचनेची मांडणी केली. प्रत्येक वस्तूला एक पत्ता असावा आणि तिच्यावर करायच्या क्रिया मोजक्या व सर्वांना ठाऊक असाव्यात, असा विचार त्यामुळे वेब बांधणाऱ्यांत रुजला. २००४ मध्ये लोकांपुढे आलेल्या रुबी ऑन रेल्सने जानेवारी २००७ च्या १.२ आवृत्तीत हा विचार एका ओळीत बसवला. ‘रिसोर्सेस’ असे लिहून वस्तूचे नाव दिले की सात राउट्स तयार. मात्र रेल्समध्ये पत्ता आपोआप मिळाला तरी त्या पत्त्यावर काय घडायचे ते प्रोग्रामरला स्वतः लिहावे लागते. पुढच्या काही फ्रेमवर्क्सनी हीही पायरी गाळली. रेल्सपासून प्रेरणा घेऊन नोड जेएसवर उभे राहिलेले सेल्स त्यांतले ठळक उदाहरण आहे. त्यात ‘ब्लूप्रिंट’ नावाची सोय असून मॉडेल असले की पत्ताही मिळतो आणि पत्त्यामागचे कामही तयार मिळते.

सेल्समध्ये या राउट्सच्या तीन जाती आहेत आणि त्यांची बटणे एकाच सेटिंग फाइलमध्ये असतात. पहिली ‘रेस्ट’ जात. तिच्यात वाचणे, घालणे, बदलणे, पुसणे यांसाठी वेबच्या वेगवेगळ्या क्रिया वापरल्या जातात. दुसरी जात ‘शॉर्टकट्स’. तिच्यात ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत नुसता पत्ता टंकून नोंद घालता येते आणि पुसताही येते. तिसरी ‘ॲक्शन्स’ जात प्रत्येक कंट्रोलरमधल्या प्रत्येक क्रियेला आपोआप पत्ता देते. यातले शॉर्टकट्स काम सुरू असताना चाचणीसाठी सोयीचे असतात, पण प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रणेत ते बंद ठेवावेत असे सेल्सचे दस्तऐवजच सांगतात. आता बाजारभावाच्या ॲपची कल्पना करा. त्यात ‘भाव’ मॉडेल आहे आणि ‘शेतकरी’ मॉडेलही आहे. शेतकऱ्याच्या नोंदीत नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि काटापट्टीचे पैसे जमा करायचे बँक खाते आहे. बटणांना हात न लावता हे ॲप सर्व्हरवर चढवले आणि प्रवेशाचे नियमही लिहिले नाहीत, तर सोयाबीनचा भाव वाचायला जो रस्ता आहे त्याच धाटणीच्या रस्त्याने कोणीही शेतकऱ्यांची यादी वाचू शकतो आणि भावाची नोंद पुसूही शकतो. यात प्रोग्रामरने चुकीचे काही लिहिलेले नाही. त्याने काहीच लिहिले नाही, एवढेच झाले.

नुसता पत्ता उघडल्याने माहिती पुसली जाणे हा धोका काल्पनिक नाही. वेबचा जुना दंडक असा की पत्ता उघडताना होणारी ‘गेट’ ही क्रिया वाचण्यासाठी आहे आणि तिने काही बदलू नये. २००५ मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचे साधन आणले. पाने लवकर उघडावीत म्हणून ते पानावरचे दुवे वापरणाऱ्याने दाबण्याआधीच उघडून ठेवत असे. ज्या वेब ॲप्समध्ये ‘पुसा’ हा साधा दुवा होता, तिथे या साधनाने दुवे उघडले आणि लोकांच्या नोंदी नाहीशा झाल्या. साधनाने दंडक पाळला होता, तो मोडला होता ॲप्सनी. शिवाय बनावट विनंत्यांपासून बचाव करणारी फ्रेमवर्क्समधली संरक्षणे सहसा ‘गेट’ला निरुपद्रवी समजून सोडून देतात. म्हणून शॉर्टकट राउट चालू ठेवणे म्हणजे त्या संरक्षणाला बगल देणे होय.

इतर फ्रेमवर्क्सकडे पाहताना ‘काही सांगितले नाही तर काय उघडे राहते’ ही एकच कसोटी लावली तर चित्र स्वच्छ दिसते. जावाच्या जगातले स्प्रिंग डेटा रेस्ट मूळ सेटिंगमध्ये सर्व सार्वजनिक रिपॉझिटरीज बाहेर उघडते आणि नको असेल तिथे ‘निर्यात करू नका’ अशी खूण आपल्याला करावी लागते. मात्र खूण केलेल्याच रिपॉझिटरीज उघडाव्यात, असा उलटा पर्यायही त्यात एका सेटिंगने मिळतो. जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये मॉडेल आपोआप उघडत नाही. ते राउटरकडे नोंदवावे लागते, ही चांगली अडवणूक. पण एकदा नोंदवले आणि पूर्ण व्ह्यूसेट, म्हणजे क्रियांचा तयार संच, वापरला की त्यातल्या सहाही क्रिया मिळतात, आणि परवानगीचे धोरण लिहिले नसेल तर मूळ धोरण ‘सर्वांना मुभा’ असेच आहे. त्याच फ्रेमवर्कमध्ये फक्त वाचण्यापुरता वेगळा व्ह्यूसेट आहे, तो निवडणे एका शब्दाचे काम आहे. स्ट्रॅपीने दुसरी वाट धरली. त्यात राउट्स तयार होतात, पण अनोळखी पाहुण्याच्या भूमिकेला सुरुवातीला एकही परवानगी नसते आणि व्यवस्थापकाने खूण करेपर्यंत नकारच मिळतो. वर्डप्रेसमध्ये आपण नवा मजकूर-प्रकार तयार केला तर रेस्टमध्ये दाखवण्याची खूण मुळात बंद असते. पोस्टग्रेस्ट हे साधन तर सगळा भार डेटाबेसवरच टाकते. अनोळखी भूमिकेला ज्या टेबलावर जो हक्क दिला असेल तेवढेच उघडते. एकाच सोयीच्या या पाच तऱ्हा पाहिल्या की सोय आणि उघडेपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे कळते. राउट आपोआप बनवूनही तो बंद ठेवता येतो.

इथवर वाचून ‘बंद मूळ सेटिंगचे फ्रेमवर्क निवडा, प्रश्न मिटला’ असे वाटेल. तो मिटत नाही. कोणतीही माहिती उघडताना खरे प्रश्न चार असतात : कोणते टेबल, कोणती क्रिया, कोणता रकाना आणि कोणती ओळ. वर पाहिलेली बटणे बहुतांशी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतात. भावाचे टेबल उघडा आणि शेतकऱ्याचे बंद ठेवा, वाचू द्या पण पुसू देऊ नका, इतके सेटिंग फाइलमध्ये बसते. पण शेतकऱ्याला स्वतःची नोंद दिसलीच पाहिजे आणि शेजाऱ्याची दिसता कामा नये, हा ओळीचा प्रश्न आहे. अडत्याला शेतकऱ्याचे नाव दिसावे पण बँक खाते दिसू नये, हा रकान्याचा. आणि मोठे नुकसान याच दोन प्रश्नांत होते. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने एपीआयच्या धोक्यांची यादी २०१९ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही वेळा पहिल्या क्रमांकावर ओळीचा प्रश्न आहे, म्हणजे मागणाऱ्याचा त्या विशिष्ट नोंदीवर हक्क आहे की नाही हे न तपासणे. रकान्यांचे दोन धोके २०१९ च्या यादीत वेगवेगळे होते : गरजेपेक्षा जास्त रकाने बाहेर देणे आणि नको ते रकाने आत येऊ देणे. २०२३ मध्ये ते एकत्र करून तिसऱ्या क्रमांकावर ठेवले गेले.

रकान्याच्या प्रश्नाचा गाजलेला धडा मार्च २०१२ मधला आहे. येगोर होमाकोव्ह या प्रोग्रामरने गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या एका साध्या अर्जात एक जादा रकाना घालून पाठवला. आलेले सगळे रकाने नोंदीत भरून टाकण्याची रेल्सची सवय होती. त्यामुळे त्याची सार्वजनिक किल्ली खुद्द रेल्सच्या प्रकल्पाच्या खात्याला जोडली गेली आणि त्याला तिथे लिहिण्याचा हक्क मिळाला. हा धोका त्याने आधी रेल्सच्या मंडळींना सांगून पाहिला होता, तेव्हा ती काळजी प्रोग्रामरने घ्यायची असे उत्तर मिळाले होते. या प्रकारानंतर भूमिका बदलली. २०१३ च्या रेल्स ४ मध्ये कोणते रकाने स्वीकारायचे हे नावे घेऊन लिहिणे भाग पडले. जँगो रेस्ट फ्रेमवर्कनेही पुढे रकाने स्पष्ट सांगण्याची सक्ती केली. अर्थात तिथेही ‘सगळे’ असा शब्द लिहून मोकळे होता येते. पण निदान तो शब्द कोणाच्या तरी हाताने लिहिला जातो आणि तपासणाऱ्याच्या डोळ्यांना दिसतो.

ओळीच्या प्रश्नाचा धडा वर्डप्रेसने दिला. डिसेंबर २०१६ च्या ४.७ आवृत्तीत मजकुराची रेस्ट राउट्स सर्व संकेतस्थळांवर आपोआप चालू झाली. लेखाचा क्रमांक पत्त्यातून घ्यायचा आणि तो अंकीच असावा, अशी तपासणी होती. पण तोच क्रमांक वेगळ्या मार्गाने, अंकांपुढे अक्षरे जोडून पाठवला, की परवानगी तपासणाऱ्या भागाला तसा लेख सापडत नसे आणि तो अडवतही नसे. नंतरचा भाग मात्र अक्षरे झटकून अंक तेवढे घेई आणि लेख बदलून टाकी. २६ जानेवारी २०१७ ला ४.७.२ आवृत्तीत दुरुस्ती आली. तरी ज्यांनी ती वेळेत बसवली नाही अशा संकेतस्थळांवरची पंधरा लाखांहून अधिक पाने काही दिवसांत विद्रूप झाली. यातल्या बहुतेक संकेतस्थळांच्या मालकांनी एपीआय मागितला नव्हता. तो आहे हेही अनेकांना ठाऊक नसणार. जे दार आपल्याला ठाऊक नाही त्याची कडी आपण तपासत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ऑप्टस या दूरध्वनी कंपनीचे २०२२ चे प्रकरण हेच सांगते. तिथल्या नियामक संस्थेने न्यायालयात मांडल्याप्रमाणे प्रवेश तपासणाऱ्या कोडमधली २०१८ ची चूक २०२१ मध्ये मुख्य पत्त्यावर दुरुस्त झाली, पण वापरात नसलेल्या दुसऱ्या पत्त्यावर तशीच राहिली आणि सुमारे ९५ लाख ग्राहकांची माहिती तिथून गेली.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मग आपोआप बनणारी राउट्स नकोतच, प्रत्येक राउट हाताने लिहावा. हा उपाय दिसतो तितका सुरक्षित नाही. गिटहबच्या अर्जाचा पत्ता आणि क्रिया प्रोग्रामरांनी विचारपूर्वक मांडलेल्या होत्या, चूक रकाने भरण्याच्या सवयीत होती. हाताने वीस राउट्स लिहिणारा थकलेला माणूस एखाद्यात हक्काची तपासणी विसरतो. आपोआप बनणाऱ्या राउट्समध्ये ती तपासणी एका जागी लिहिली की सर्वांना लागू होते. दुसरा आक्षेप असा : हे ॲप समितीच्या कार्यालयापुरते आहे, पत्ता कोणाला कळणार? पण मोबाइल ॲप कोणत्या पत्त्यांशी बोलते हे पाहायला फारशी विद्या लागत नाही, आणि आपोआप बनणाऱ्या राउट्सचा साचा तर दस्तऐवजात छापलेला असतो. भावाचा पत्ता कळला की शेतकऱ्याचा पत्ता अंदाजाने सांगता येतो. तिसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो खरा आहे. लहान गटाकडे वेळ नसतो. पण चार मॉडेल्ससाठी चार प्रश्न म्हणजे सोळा ओळींचा कागद. तो लिहायला लागणारा वेळ फ्रेमवर्कने वाचवून दिलेल्या वेळेच्या मानाने किरकोळ आहे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. माहिती खुली असावी यासाठी लोकांनी कष्ट घेतले आहेत, मग आपण सगळे बंद करायला का निघालो? शेतमालाचे भाव खुले असलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. देशभरच्या बाजार समित्यांचे भाव गोळा करणारे ॲगमार्कनेट २००० मध्ये सुरू झाले. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती धोरणानंतर केंद्र सरकारचे खुल्या माहितीचे दालन उभे राहिले, आणि दैनिक भावांची माहिती तिथे एपीआयमधूनही मिळते. राज्य, जिल्हा, बाजार आणि शेतमाल यांची चाळण लावून अमरावतीच्या तुरीचा किंवा अकोल्याच्या हरभऱ्याचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर कोणालाही मागता येतो. या दालनात माहितीच्या संचाला एकाच साच्याचा पत्ता मिळतो, म्हणजे तत्त्व तेच, आपोआप बनणाऱ्या राउटचे. पण चार प्रश्नांची उत्तरे तिथे ठरलेली आहेत : संच निवडलेले, क्रिया वाचण्याची, रकाने जाहीर, आणि मागणाऱ्याला किल्ली घ्यावी लागते व एका वेळी मिळणाऱ्या नोंदींना मर्यादा असते. खुलेपणा इथे ठरवून आला आहे, म्हणूनच तो टिकतो.

वऱ्हाडातल्या माणसाला हा फरक समजावण्यासाठी सातबारा पुरेसा आहे. गाव नमुना सात आणि बारा कोणालाही पाहता येतो, आज तो घरबसल्या पाहता येतो. पण त्यातली मालकीची नोंद कोणालाही बदलता येत नाही. वारस लागला किंवा खरेदीखत झाले की गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, तेव्हा ती सातबाऱ्यावर उतरते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तेव्हा एपीआय नव्हता, पण वाचण्याचा रस्ता वेगळा आणि लिहिण्याचा वेगळा हे तिने पुरते ओळखले होते. सातबारा वाचणाऱ्याला त्याच खिडकीतून फेरफारही करता आला असता, तर त्या दप्तरावर कोणी विश्वास ठेवला नसता. मॉडेल लिहिताच पाचही क्रिया सर्वांना देणारी सेटिंग नेमकी अशीच खिडकी उघडते.

आता जबाबदारी कोणाची, हेही कायद्याने सांगितले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात माहिती राखण्याची वाजवी सुरक्षा न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि हे उत्तरदायित्व माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचे आहे. म्हणजे ‘ते फ्रेमवर्कने केले’ हे प्रोग्रामरचे आणि ‘ते प्रोग्रामरने केले’ हे संस्थेचे उत्तर पुरणार नाही. म्हणूनच संस्थेच्या माणसानेही राउट्सची यादी मागावी आणि वाचावी. रेल्समध्ये एक आज्ञा दिली की सगळी यादी पडद्यावर येते, इतर फ्रेमवर्क्समध्येही तशी सोय असते किंवा जोडता येते. ती यादी कोडसोबत जपून ठेवावी. यादीत नवा राउट आपोआप उगवला तर चाचणीच अडावी, इतकी तजवीज अर्ध्या तासात होते. ऑप्टसच्या विसरलेल्या पत्त्यावर हाच उतारा होता.

आढाव्याचा निष्कर्ष सांगतो. आपोआप बनणारी राउट्स ही लहान गावांतल्या लहान गटांना मिळालेली खरी ताकद आहे, ती सोडू नये. पण सुरुवात सगळे बंद ठेवून करावी. सेल्स असेल तर शॉर्टकट्स आणि ॲक्शन्स बंद करावेत आणि प्रत्येक राउटला प्रवेशाचे धोरण लावावे. जँगो असेल तर मूळ धोरण ‘ओळख पटलेल्यालाच’ असे करून जिथे वाचणे पुरते तिथे वाचण्यापुरताच व्ह्यूसेट घ्यावा. स्प्रिंग असेल तर खूण केलेलेच उघडणारा पर्याय निवडावा. पोस्टग्रेसवर थेट एपीआय बसवला असेल तर २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून मिळालेले ओळनिहाय नियम टेबलागणिक चालू करावेत, कारण ते आपोआप चालू होत नाहीत. मग कोणते टेबल, कोणती क्रिया, कोणता रकाना, कोणती ओळ या चार प्रश्नांची उत्तरे साध्या मराठीत एका कागदावर लिहावीत. बाजार समितीचा सचिव किंवा पतसंस्थेचा व्यवस्थापक ती वाचू शकेल इतकी साधी असावीत. जी उत्तरे त्याला पटतील तेवढीच दारे उघडावीत. भाव सर्वांचा आहे, पण काटापट्टीवरचे बँक खाते त्या एका शेतकऱ्याचे आहे. हा फरक फ्रेमवर्कला कळत नाही. तो आपल्याला कळतो, म्हणून तो आपणच लिहिला पाहिजे.